शेरा : बाजूचे आरसे ढिले

"दोन नट तर आवळायचे आहेत," असं मी शुक्रवारी संध्याकाळी जेवताना म्हणालो. माणसाच्या तोंडून आयुष्यात बरीच वाक्यं निसटतात, पण ज्या वाक्यात 'तर' किंवा 'एवढंच' हे शब्द येतात, ती बायको जन्मभर विसरत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी ताटाकडे पाहिलं. आणि ज्याने आजवर नळाचा वायसरसुद्धा प्लंबरला बोलावून बदलला, त्या मी पुढचा घास घेत जाहीर केलं, "उद्या सकाळी करून टाकतो."

प्रकरण सासऱ्यांच्या ट्रकचं होतं. सासरे फौजेत ड्रायव्हर होते. सोसायटीत सगळे त्यांना मेजर म्हणतात. त्यांनी हे कधी कबूल केलं नाही आणि कधी नाकारलंही नाही. ते निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांचा ट्रकही निवृत्त झाला आणि लिलावात निघाला. बाकीचे लोक निवृत्तीनंतर देवळात जातात, सासरे लिलावाला गेले. तेव्हापासून तो हिरवा, लांब नाकाचा ट्रक आमच्या आवारात, कचऱ्याचे डबे आणि सेक्रेटरींची गाडी यांच्या मधोमध उभा असतो. सेक्रेटरींच्या मते तो उभा नसून पडलेला आहे. कुणाला घर बदलायचं असेल, शाळेची बाकं हलवायची असतील, तर मात्र तो एकदम सगळ्यांचा होतो.

सासरे आमच्याकडे राहतात. त्यांच्या मते आम्ही त्यांच्याकडे राहतो. सासूबाई गेल्यापासून ते फारसे बोलत नाहीत, आणि जे काही बोलतात त्यातलं निम्मं ट्रकशी. दर रविवारी सकाळी ते ट्रक काढतात, शेजारी बायको बसते आणि मागे हौद्यात मी. गावाला एक फेरी मारून आम्ही परत येतो. त्या दिवशी सासरे दोन पोळ्या जास्त खातात. तो ट्रक भंगारात गेला तर त्यांचं काय होईल, याचा विचार आम्ही दोघं नवराबायको करतो, पण एकमेकांशी बोलत नाही.

आणि आता तो जायची वेळ आली होती. त्या शुक्रवारी सकाळी वाहन कार्यालयात तपासणी झाली. ब्रेक चांगले, दिवे चांगले, भोंगा तर इतका चांगला की इन्स्पेक्टरच्या हातातला कागद पडला. मग त्याने एक बोट उजव्या आरशाला लावलं. आरशाने लगेच मान खाली टाकली. डाव्याने तर बोट लागायचीही वाट पाहिली नाही. कागदावर शेरा पडला : 'बाजूचे आरसे ढिले. सात दिवसांत दुरुस्त करून वाहन पुन्हा आणावे.' सेक्रेटरींनी तो कागद चष्मा काढून आणि चष्मा लावून असा दोनदा वाचला आणि म्हणाले, "मुदत कागदावर आहे म्हणून मी सात दिवस थांबतो. पुढच्या शनिवारी सकाळी दहाला क्रेन येणार. ट्रक चालू असल्याचा दाखला दाखवा, नाहीतर ट्रक भंगारात."

आता शेरा या विषयात मला कुणी शिकवू नये. मी गेली बावीस वर्षं वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो. 'अर्ज अपूर्ण', 'सही जुळत नाही', 'पुन्हा यावे' असे हजारो शेरे माझ्या हातून गेले आहेत. 'आरसे ढिले' हा शेऱ्यांमधला अगदीच किरकोळ शेरा, हे मी नजरेनेच ओळखलं. म्हणून तर ते नटांचं वाक्य तोंडातून गेलं.

शनिवारी सकाळी मी पान्यांचा संच घेऊन खाली उतरलो. हा संच आम्हाला लग्नात कुणीतरी दिला होता आणि त्याचा शिक्का मी तेव्हा पहिल्यांदा फोडला. बारा नंबरचा पाना नटावर गरगर फिरला. अकरा नंबरचा नटावर बसेना. तळमजल्यावर पूल खात्यातले निवृत्त इंजिनिअर राहतात. ते रोज सकाळी व्हरांड्यात वर्तमानपत्र धरून बसतात आणि वर्तमानपत्र सोडून बाकी सगळं वाचतात. ते तिथूनच म्हणाले, "इंची नट आहे तो. तुमचे पाने मिलिमीटरचे. फौजेचा माल आहे, म्हटलं!"

मी वर गेलो. "बाबा, तुमच्याकडे इंची पाने होते ना?"

"होते," सासरे म्हणाले. "हरवले."

गेल्या पन्नास वर्षांत शर्टाचं बटणसुद्धा न हरवलेला माणूस! पण सासरा आणि जावई यांच्यामध्ये उलटतपासणी शोभत नाही, म्हणून मी प्लंबरचा फिरता पाना मागून आणला. हा पाना कुठल्याही नटाला बसतो आणि कुठल्याही नटाचे कोपरे गोल करतो. आवळून पाहिलं तर नट नुसता जागच्या जागी फिरायला लागला. "आटे गेलेत," व्हरांड्यातून आवाज आला. "बोल्ट पूर्ण बाहेर काढा, आत वायसर घाला, मग आवळा."

सल्ला देणाऱ्याचं काय जातं! मी बोल्ट काढला. त्या ट्रकमध्ये आरशाचा दांडा ज्या बोल्टवर बसतो, त्याच बोल्टवर दारही टांगलेलं असतं, ही गोष्ट मला बोल्ट पूर्ण हातात आल्यावर कळली. खरं म्हणजे मला नाही, दाराला कळली. वरची बिजागरी सुटल्याबरोबर ते दार एका अंगाने वाकलं आणि माझ्या छातीवर विसावलं. फौजेत दारं गोळीबार सोसण्यासाठी बनवतात. मी दोन्ही हातांनी ते धरलं. सोडलं तर खालची बिजागरी तुटणार आणि शेजारी उभी असलेली सेक्रेटरींची गाडी अर्धी होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

पाऊण तास मी तसा उभा होतो. या काळात आमच्या इमारतीतल्या बहुतेक लोकांची मला नव्याने ओळख झाली. एकाने खाली विटा लावा म्हणून सांगितलं आणि विटा आणायला जो गेला तो गेलाच. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी वरून विचारलं, "दार तुम्ही धरलंय की दाराने तुम्हाला?" इंजिनिअरांनी भार कुठे पडतो आहे ते बोटाने हवेत काढून दाखवलं. सेक्रेटरी आले, माझ्याकडे न बघता त्यांनी आपली गाडी बाहेर काढली, आणि जाता जाता म्हणाले, "क्रेन आधीच बोलवायची का?"

शेवटी सासरे खाली आले. त्यांनी दाराखाली गुडघा लावला, एक हात वर नेला आणि म्हणाले, "बोल्ट द्या." अर्ध्या मिनिटात दार जागेवर गेलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस! माझ्याकडे बघून ते फक्त एवढंच म्हणाले, "दार सुटलं की गुडघा लावायचा असतो." आरशाबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा मला हे त्यांचं मोठेपण वाटलं.

रविवारी मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून दांड्याखाली घातला, नवे इंची बोल्ट आणले आणि दोन्ही आरसे असे आवळले की हात दुखून आला. इंजिनिअर व्हरांडा सोडून स्वतः खाली आले, आरसा हलवून पाहिला आणि म्हणाले, "ठीक." पूल खात्यातल्या माणसाने ठीक म्हणणं ही साधी गोष्ट नाही. मी त्या रात्री शांत झोपलो.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना सहज आरशाला हात लावला. आरसा खाली वाकून माझ्या बुटांकडे बघायला लागला.

"कंप," इंजिनिअर म्हणाले. "रस्त्यावरून जड गाड्या जातात, जमीन हलते, नट सैल होतो. एका नटावर दुसरा नट चढवा." सोमवारी संध्याकाळी दुसरा नट चढवला. मंगळवारी सकाळी दोन्ही नट सैल. आता मात्र आवारात माझी कीर्ती पसरली. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण माझी तब्येत विचारावी तशी आरशांची चौकशी करायचा. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, दोऱ्याने शिवून देऊ का?" बावीस वर्षं खिडकीपलीकडच्या माणसांना मी घाम फोडला, आणि इथे दोन नटांपुढे माझं नाक कापलं जात होतं.

त्याच मंगळवारी मला पुनर्तपासणीचा अर्ज द्यायचा होता. अर्जात दुरुस्तीच्या जागी ब्रेक, दिवे, भोंगा आणि इतर असे चार चौकोन होते. मी 'इतर'मध्ये खूण केली. खिडकीतल्या कारकुनाने पेन खाली ठेवलं, टोपण लावलं आणि म्हणाला, "इतरसाठी वेगळा अर्ज. सहा नंबर खिडकी." सहा नंबर खिडकी मंगळवार आणि गुरुवारी दहा ते अकरा उघडी. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. ते पेन, ते टोपण, ती खुर्ची मागे सरकवण्याची पद्धत, सगळी माझीच होती. मी त्याला दोष देऊ शकलो नाही. "जरा बघा ना," एवढंच म्हणालो, आणि लोक ज्या आवाजात मला हे म्हणतात त्याच आवाजात ते निघालं. त्याने बघितलं. शुक्रवार, दुपारी तीन. शेवटची जागा.

बुधवारी क्रेनवाला आला. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला सेक्रेटरींनी बोलावलं होतं. त्याने टेप काढून ट्रकची लांबी मोजली, रुंदी मोजली, चाकांच्या मागे वाकून साखळी कुठे अडकवायची ते पाहिलं आणि खडूने तिथे दोन फुल्या मारल्या. सासरे गॅलरीत उभे होते. तो गेल्यावर ते ओलं फडकं घेऊन खाली उतरले आणि त्या फुल्या पुसून वर आले. जेवायच्या वेळी त्यांनी भूक नाही म्हणून सांगितलं. बायको स्वयंपाकघरात पाण्याचा नळ सोडून बराच वेळ उभी होती. मी मनात म्हटलं, आता काय वाटेल ते होवो, आरसे घट्ट होणार.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या जागी 'सैनिकी वाहनाचे आरसे आवळण्याकरिता' असं खरं तेच लिहिलं. साहेबांनी ते वाचून विचारलं, "युद्ध लागलंय का?" आणि सही केली.

दुपारी दोन वाजता आवारात शिरलो तेव्हा सगळी इमारत जेवून आडवी झाली होती. व्हरांडासुद्धा रिकामा होता. ट्रकच्या उजव्या बाजूला स्टूल होतं, स्टुलावर सासरे होते आणि सासऱ्यांच्या हातात इंची पाना होता. तोच. हरवलेला. पद्धतशीरपणे, एक नट धरून दुसरा फिरवत, ते आरसा सैल करत होते.

"बाबा!"

ते दचकले नाहीत. आणखी एक फेरा देऊन त्यांनी पाना खाली घेतला. "जरा खेळ ठेवत होतो," ते म्हणाले. "लोखंड फार आवळलं की तुटतं."

पाच दिवसांचा माझा सगळा अपमान एकदम वर आला. "तुटतं? अहो, उद्या तीनला तपासणी आहे! परवा दहाला क्रेन! माणसं मला जिन्यात अडवून हसतात, बाबा, आणि तुम्ही... तुम्हाला ट्रक हवाय की नकोय?"

सासरे स्टुलावरून एकेक पाय सावकाश टेकत उतरले आणि पाना माझ्या हातात दिला. खरं म्हणजे तेव्हा मी त्यांना एकच प्रश्न विचारायला हवा होता : का? पण मी विचारला नाही, कारण मी जिंकत होतो. असं जिंकायची सवय मला नाही. मी तडक कोपऱ्यावरच्या वेल्डरला घेऊन आलो.

"कायमचं करायचं?" वेल्डरने विचारलं.

"कायमचं."

"मग परत निघणार नाही. कापावंच लागेल. आधी आरशाचा रोख ठरवा. मेजरना बसवा सीटवर."

सासरे निमूटपणे चढून बसले. वेल्डरने आरसा थोडा आत घेतला. "दिसतंय मागचं?" "ठीक आहे," सासरे म्हणाले. त्याने बाहेर वळवला. "आता?" "ठीक आहे." त्याने हसत हसत आरसा पार वर केला. "आणि आता?" "ठीक आहे."

"मेजर, आरसा आभाळाकडे आहे!"

"मग बरंय. विमानं दिसतील," सासरे म्हणाले आणि उतरून घरात गेले. वेल्डर हसला. मी तर पोट धरून हसलो. गॅलरीत बायको उभी होती. ती हसली नाही, आणि मला वाटलं, वडिलांचा हट्ट मोडला म्हणून रुसली असेल. सीटवर मी बसलो, माझ्या नजरेने रोख ठरवला, ठिणग्या उडाल्या. थंड झाल्यावर मी दोन्ही आरशांना लोंबकळून पाहिलं. ट्रक हलला, आरसे हलले नाहीत.

शुक्रवारी दोन वाजता आम्ही निघालो. एरवी माझी जागा हौद्यात, पण कागद चुरगळायला नकोत म्हणून मी पुढे बसलो. उजवीकडे स्टिअरिंगवर सासरे, डाव्या खिडकीशी बायको आणि मध्ये, गिअरचा दांडा गुडघ्यांमध्ये घेऊन, मी. सासरे हळू चालवत होते. बायको सारखी बोलत होती. "उजवीकडून सायकल." थोड्या वेळाने, "गेली." मग, "मागे बस आहे, लांब आहे, घ्या." ती बोलली की ट्रक वळायचा. दर रविवारी मी मागे बसून वारा खात असताना पुढे ही अशी बातमीपत्रं चालतात, हे मला माहीत नव्हतं. बापलेकींच्या गप्पा, म्हणून मी सोडून दिलं.

करायला काही नव्हतं म्हणून मी तो शेऱ्याचा कागद काढला. आठवडाभर तो माझ्या खिशात होता. आता तो उलटून पाहिला, तर मागे आणखी दोन ओळी होत्या. 'मागील दृश्य चाचणी : आरसे ढिले असल्याने घेता आली नाही. आरसे घट्ट झाल्यावर घ्यावी.' अर्जाची मागची बाजू न वाचणाऱ्या लोकांवर मी बावीस वर्षं ओरडत आलो आहे.

"ही कसली चाचणी?" मी विचारलं.

"इन्स्पेक्टर गाडीच्या मागे उभा राहून बोटं वर करतो," बायको समोर बघत म्हणाली. "ड्रायव्हरने आरशात बघून किती बोटं ते सांगायचं."

"एवढंच ना? सोपं आहे."

मग सासरे म्हणाले, "उजवा डोळा गेलाय, जावईबापू. दीड वर्ष झालं. काचबिंदू. डाव्याने समोरचा रस्ता दिसतो, मोठं काय ते दिसतं. आरशात सगळं बारीक होतं. मला नुसता उजेड दिसतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलेलं परत येत नाही म्हणाले." त्यांनी गिअर बदलला, मी गुडघा बाजूला घेतला. "आरसे ढिले म्हणजे अजून सात दिवस. मग परत शेरा, परत सात दिवस. सेक्रेटरीला काय, कागद पुरतो. आरसे घट्ट झाले, म्हणजे आजच."

मी बायकोकडे पाहिलं. तिला माहीत होतं. दीड वर्ष ती दर रविवारी त्या खिडकीत बसून त्यांचा आरसा झाली होती आणि दर रविवारी, हाच शेवटचा, असं स्वतःला बजावत होती. आणि मी काय केलं? वेल्डर आणून कायमचं केलं. उजव्या खिडकीबाहेर तो आरसा जराही न थरथरता बसला होता. इतकं पक्कं काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं.

कार्यालयाच्या मैदानात आमच्यापुढे तीन गाड्या होत्या. पहिली गेली. बायको हळूच म्हणाली, "बाबा, मी बसू का? माझं लायसन्स चालेल." ती फिरत्या वाचनालयाची मोठी गाडी चालवते, सगळे जिल्हा रस्ते तिला पाठ आहेत. दुसरी गाडी गेली. सासरे म्हणाले, "माझी गाडी आहे. रेषेवर मीच उभी करणार." तिसरी गेली. त्यांनी ट्रक पुढे घेतला आणि पांढऱ्या रेषेवर असा उभा केला की पुढचं चाक रेषेच्या वीतभरही बाहेर नव्हतं. आम्ही दोघं खाली उतरलो.

इन्स्पेक्टर तोच होता. त्याने उजव्या आरशाला बोट लावलं. मग हात लावला. मग मूठ मारली आणि स्वतःचीच मूठ चोळली. "वा," तो म्हणाला. "आता मागे जातो. काका, उजव्या आरशात बघा आणि बोटं सांगा."

मी ट्रकच्या नाकासमोर, चार हातांवर, कागद छातीशी धरून उभा होतो. तिथून मला काचेतून सासरे दिसत होते आणि बाजूने, वीस पावलं मागे, इन्स्पेक्टरही दिसत होता. त्याने हात वर केला. तीन बोटं.

"किती?"

सासऱ्यांनी मान वळवून आरशात पाहिलं. पाहत राहिले. रांगेतल्या एका टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला. बायकोने डोळे मिटले होते. उद्या दहा वाजता साखळी कुठे अडकणार ते मला दिसत होतं. आणि मग माझा उजवा हात, मी सांगतो, मी न सांगता वर आला. जुळत नसलेल्या सहीसाठी मी म्हाताऱ्या माणसांना चार चार हेलपाटे घालायला लावलेत. तोच मी, सरकारी मैदानात, इन्स्पेक्टरच्या डोळ्यांदेखत, कागदांवर तीन बोटं पसरून उभा होतो. मोठं काय ते दिसतं, असं ते म्हणाले होते. मी बोटं शक्य तितकी मोठी केली.

सासऱ्यांनी आरशावरून नजर काढली आणि समोर माझ्याकडे पाहिलं. त्यांना दिसलं. ते दिसल्याचं मला दिसलं.

"जावईबापू," खिडकीतून त्यांचा आवाज आला, रांगेच्या शेवटच्या गाडीपर्यंत जाईल असा, "हात खाली घ्या."

मी हात खाली घेतला. इतक्या लोकांनी एकाच वेळी माझ्याकडे याआधी फक्त लग्नात पाहिलं होतं. दार उघडलं, सासरे उतरले, ताठ चालत मागे इन्स्पेक्टरसमोर गेले. "साहेब, मला दिसत नाही," ते म्हणाले. "आरशांचा दोष नाही. आरसे पक्के आहेत. आमच्या जावयांनी बसवलेत." मग खिशातून लायसन्स काढून त्यांनी स्वतःच त्याच्या हातावर ठेवलं.

इन्स्पेक्टरने ते लायसन्स उलटून पाहिलं. वयाने तो माझ्याएवढा असेल. "चाचणी तर घ्यावीच लागेल, काका," तो हळू आवाजात म्हणाला. "चालवणारं दुसरं कुणी आहे का?"

बायको आधीच वर चढली होती. "तीन," ती म्हणाली. "दोन. पाच. आता मूठ आहे." एकही उत्तर चुकलं नाही. शिक्का पडला. दाखल्यावर इन्स्पेक्टरने स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'आरसे पक्के.' आठवडाभर हेच दोन शब्द कुणीतरी म्हणावेत म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. ते आता शिक्क्यासकट माझ्या हातात होते, आणि लोक म्हणत होते तेवढा मी खरंच नालायक असतो तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. ट्रक वाचला होता. तो चालवणारा माणूस मात्र त्याच्या डाव्या दाराशी उभा होता आणि आत कसं चढायचं हे विसरल्यासारखा दांड्याला हात लावून थांबला होता.

मला त्यांच्या समोर जायचं धैर्य नव्हतं. मी सवयीने मागे जाऊन हौद्यावर पाय ठेवला.

"मागं कुठं चाललात?" सासऱ्यांनी हाक मारली. "पुढं या. खिडकीशी बसा."

ते मध्ये बसले, मी डाव्या खिडकीशी. बायकोने इंजिन चालू केलं. सासऱ्यांनी तिचे हात, तिचा पाय, गिअर, सगळं कान देऊन ऐकलं आणि काही बोलले नाहीत. म्हणजे चुकत नव्हतं. मैदानाच्या फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी मान मागे टेकवली आणि डोळे मिटले.

"आरशात काय दिसतंय, जावईबापू?"

"एक टेम्पो आहे, बाबा. बटाट्यांचा. मागे एक माणूस पोत्यांवर झोपलाय."

"सांगत चला."

मी सांगायला लागलो. शाळा सुटलेली मुलं, रस्ता झाडणारी बाई, छत्रीची दुकानं, आमच्या मागे मागे धावून मग कंटाळलेलं कुत्रं, मला जे जे दिसलं ते मी त्यांना सांगितलं. मध्येच मी थांबायचो. थांबलो की ते डोळे न उघडता विचारायचे, "मग?"